पोटावरची चार भोकं

बोंगछीच्या नवऱ्याची डावी किडनी मेली होती, आणि ते नवऱ्यालाच पटत नव्हतं. सुइग्वानच्या मते ती फक्त दमली होती. दमलेल्या किडनीला ताकदीच्या गोळ्या दिल्या की ती पुन्हा उठून कामाला लागते, असं त्याला लाइदादाने सांगितलं होतं. लाइदादाचा शब्द म्हणजे सुइग्वानसाठी काळ्या दगडावरची रेघ.

हा लाइदादा कुणाचाच दादा नव्हता. तो रेडिओतला आवाज होता. कुठल्याशा टेकडीवर बिनपरवान्याचा खांब रोवून बसलेला, सकाळपासून जुनी गाणी लावणारा, ऐकणाऱ्यांचे फोन घेणारा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये काळ्या गोळ्या विकणारा. आवाज साखरेच्या पाकातून काढलेला. म्हाताऱ्यांना आई म्हणायचा, प्रौढ बायकांना ताई, पुरुषांना भाऊ. ज्या आईला पोटचा पोरगा ताइपेहून सणावारीसुद्धा फोन करत नाही, तिला कुणी रोज सकाळी आई म्हणून हाक मारली तर ती विरघळणारच. ती विरघळली की लगेच गोळ्यांची पेटी पुढे. असल्या प्रेमाला आमच्याकडे दरोडा म्हणत नाहीत, कारण दरोडेखोर निदान तोंड तरी झाकतो.

बैशुई गाव कालवांवर जगतं. पुरुष तराफे घेऊन खाडीत जातात आणि बांबूच्या चौकटींना टांगलेल्या कालवांच्या माळा उपसून आणतात. बायका गल्लीत पत्र्याखाली बुटक्या स्टुलांवर बसतात आणि आखूड सुरीने ती फोडतात. गल्लीच्या दोन्ही बाजूंना कवचांचे ढीग, घरांच्या खिडक्या झाकणारे. रेडिओ दोन्हीकडे. तराफ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, गल्लीत खिळ्याला लटकवलेला. त्यामुळे लाइदादा एकाच वेळी समुद्रातही बोलायचा आणि गल्लीतही. हे पुढे फार कामाला आलं.

बोंगछी या नावाचा अर्थ 'असू दे, वाढेल कशीबशी'. चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापाने तोंड फिरवून ठेवलेलं नाव. असलं नाव पाठीवर घेऊन जी बाई पन्नाशी ओलांडते, तिला फारशा कशाची भीती उरत नाही. बोंगछीला एकाच गोष्टीची होती. शेजारच्या आत्यूचा नवरा. तोही ताकदीची औषधं घेत राहिला, त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या, आणि शेवटची वर्षं तो आठवड्यातून तीनदा तालुक्याला जाऊन रक्त गाळणाऱ्या मशीनला हात जोडून पडायचा. परत यायचा तो पिळलेल्या फडक्यासारखा. तराफा विकला, मग बोलणं सोडलं, मग गेला. आत्यू त्याची उशी अजून उन्हात टाकते. बोंगछी ती उशी रोज बघायची.

त्या हिवाळ्यात सुइग्वानला दोनदा थंडी वाजून ताप चढला. दुसऱ्या वेळी तो तराफ्यावरच आडवा झाला आणि बाकीच्यांनी दोर बांधून त्याला धक्क्यापर्यंत ओढत आणलं. बोंगछीने त्याला टॅक्सीत कोंबलं ते थेट चियायीच्या मोठ्या इस्पितळात.

तिथल्या डॉक्टर वेन म्हणजे चाळिशीच्या, आखूड केसांच्या, फटकळ. त्यांनी आधी ताप उतरवला, मग तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. कॅन्सर नाही, त्याची काळजी सोडा. पण डाव्या किडनीत कधीकाळी खडा अडकला, वाट बंद झाली, आणि आतल्या आत किडनी फुगून कुजली. सहा-सात वर्षं तरी झाली असतील. आता ती किडनी नाही, पुवाची पिशवी आहे, आणि पिशवी अंगात ठेवून कुणी जगत नाही. उजवी ठणठणीत आहे. इतकी वर्षं सगळं काम तीच करतेय. डावी काढायची, आणि तीही मोठा काप न घेता. पोटावर चार भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. महिना-दीड महिन्यात माणूस पुन्हा तराफ्यावर.

मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. तापागणिक ती पिशवी आतड्याला आणि आजूबाजूला चिकटत चालली आहे, म्हणाल्या. आणखी एक ताप आला तर भोकांतून निघायची नाही. मग बरगडीखालून बेंबीपर्यंत फाडावं लागेल. तेवढा वेळ मिळाला तर. आणि पहिल्या तापापासून खाताय त्या काळ्या गोळ्या आजपासून बंद, नाहीतर उजवीही जाईल. उजवी गेली की मशीन.

मशीन हा शब्द ऐकला आणि बोंगछीच्या डोळ्यांसमोर उन्हातली उशी आली.

खोलीबाहेर आल्यावर सुइग्वान म्हणाला, बाईमाणूस आहे ती, तिला काय कळणार आपण काय कापतोय ते. एवढ्या एका वाक्यात त्याचं पोट उघडं पडलं, बिनकॅमेऱ्याचं.

कारण या किनाऱ्यावर किडनी म्हणजे लघवी गाळायचं यंत्र, असं कुणी शिकवतच नाही. इथे किडनी म्हणजे पुरुषाचं मूळ. कंबर दुखली, किडनी अशक्त. केस गळले, किडनी अशक्त. लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, तर आख्खी गल्ली नवऱ्याच्या किडनीची चौकशी करते. वडे तळणारा, नांगर धरणारा, मास्तर, सगळे एका माळेचे मणी. अंगातली एक किडनी काढली म्हणजे अर्धा पुरुष गेला, आणि उरलेला अर्धा पोटाला पडलेल्या भोकांतून हळूहळू गळणार. हे सुइग्वान तोंडाने म्हणाला नाही. जीव गेला असता तरी म्हणाला नसता. खरं तर जीव जायचीच वेळ आली होती, आणि तो म्हणत नव्हता.

बोंगछीने सगळं करून पाहिलं. समजावलं, शिव्या दिल्या, दोन दिवस त्याच्यासाठी जेवण रांधलं नाही. त्याने भाताऐवजी धक्क्यावर नूडल्स खाल्ल्या. मग म्हणाला, देवाला विचारतो. देवळात जाऊन त्याने लाकडाच्या दोन फाका जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवाचा होकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला. त्याने पुन्हा टाकल्या, देव पुन्हा हसला. सुइग्वानने घरी येऊन सांगितलं की देवाचा अजून विचार चाललाय. बोंगछी म्हणाली, देवाचा विचार कधीच झालाय, तो तुझ्या तोंडाकडे बघून हसतोय.

तेव्हा सुइग्वानने लाइदादाला फोन लावला. कार्यक्रमात, सगळ्यांच्या देखत. गल्लीत सुऱ्या चालत होत्या आणि खिळ्यावरच्या रेडिओतून बोंगछीला स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला. लाजत लाजत विचारत होता, किडनी कापून घ्यावी का. लाइदादा कळवळला. भाऊ, म्हणाला, झाडाचं मूळ कापून कुणी झाड वाचवलंय का. सुरी लागली की अंगातला जोर वाफेसारखा उडतो. किनाऱ्यावरच्या एका खाटकाची हकीकत त्याने पुन्हा एकदा सांगितली. पन्नाशीला टेकलेला माणूस, घरात मूल नाही, आणि गोळ्यांच्या चार पेट्यांत जुळी. हा खाटीक कोण ते बैशुईत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाजारातला आतेक. त्याची जुळी आता दुकानाच्या फळीवर बसून हाडांशी खेळतात.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन पेट्या घरात आल्या. सुइग्वान जेवणानंतर पुन्हा गोळ्या मोजून गिळू लागला, अगदी औषध घेणाऱ्या गुणी पोरासारखा. बोंगछीने एक पेटी फोडलेल्या कवचांच्या ढिगात पुरली. त्याने ती उकरून काढली.

मग एके सकाळी त्याच्या कमरेत पुन्हा कळ आली. ताप नव्हता, नुसती कळ. तराफ्याचा दोर सोडताना तो क्षणभर वाकला, चेहरा राखेसारखा झाला, आणि काही झालंच नाही अशा थाटात निघून गेला. बोंगछी धक्क्यावर उभी होती. ती गल्लीत परत आली, स्टुलावर बसली, एक कालव फोडलं, दुसरं फोडलं, आणि सुरी खाली ठेवली. माझं बोलणं तो ऐकत नाही, म्हणाली, पण रेडिओचं ऐकतो. मग रेडिओतूनच बोलायला काय हरकत आहे?

तिने घरातला फोन लांब तारेसकट उंबऱ्याबाहेर ओढून आणला आणि आत्यूला रेडिओचा आवाज वाढवायला सांगितलं.

फोन उचलणाऱ्या पोरीने आधी विचारलं, काय बोलणार. औषधाबद्दल बोलणार, बोंगछी म्हणाली. गुण आला का, पोरीने विचारलं. आला ना, सगळ्या गावाला कळायला हवं इतका आला. पोरगी खूश झाली. गाणं संपलं आणि लाइदादाचा पाक फोनमध्येही ओघळला, रेडिओतही.

"ताई, कुठून बोलताय?"

"बैशुईहून. सुइग्वानची बायको. त्याने तुला किडनीचं विचारलं होतं."

"आठवतंय ना. भाऊला फरक पडला ना?"

"तेच सांगते. डॉक्टरीणबाई म्हणते, ती किडनी सहा-सात वर्षांमागेच मेली."

"ताई, डॉक्टर लोकांचं कामच आहे घाबरवायचं."

"मी घाबरलेली नाही. मला एक कळत नाही, ते विचारतेय. तू म्हणतोस किडनी गेली की पुरुष गेला. आता माझ्या नवऱ्याची गेलीय सहा वर्षं. आणि या सहा वर्षांत माझी त्याच्याबद्दल एका रात्रीची तक्रार नाही. गेल्या महिन्याची नाही. ताप उतरला त्या आठवड्याचीही नाही, आणि तेव्हा तर मीच नको म्हणत होते."

गल्लीतली शेवटची सुरी थांबली.

"तर मला सांग," बोंगछी म्हणाली, "किडनी मेलेली असताना हे सगळं केलं कुणी? आणि मेलेली काढून टाकली तर त्यातलं नेमकं काय जाणार?"

लाइदादा हसला, पण पाक पातळ झाला होता. ताई, म्हणाला, ही तर गोळ्यांचीच कमाल. बोंगछीने सांगितलं की गोळ्या घरात आल्या त्या यंदाच्या हिवाळ्यात, त्याआधीची सहा वर्षं कुणाच्या नावावर मांडायची. तो म्हणाला, ताई, जरा तुमच्याजवळ कुणी वडीलधारं माणूस आहे का? आत्यूने बोंगछीच्या हातातून फोन घेतला. ही बाई वर्षानुवर्षं त्याचा कार्यक्रम ऐकत होती. त्याने एकदा तिच्या वाढदिवसाला गाणंही लावलं होतं.

"आई, बरं झालं तुम्ही आलात," लाइदादा म्हणाला.

"माझा नवरा तुझ्याच गोळ्या खात होता," आत्यू म्हणाली. "मशीनवर गेला. मला आई म्हणू नकोस."

गाणं सुरू झालं. लग्नाचं, सनईसारखं काहीतरी वाजणारं. आत्यूने फोन खाली ठेवला, गुडघ्यावरचं फडकं झटकलं आणि पुढचं कालव उचललं. गल्लीत कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरी, आणि मग ते हसू गल्लीच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. आत्यूही हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले ते मनगटाने, कारण बोटं कालवांनी माखली होती.

आता समुद्रात काय झालं ते ऐका. खाडीत तेव्हा निदान वीस तराफे होते आणि प्रत्येकावर रेडिओ. सुइग्वानच्या हातात कालवांची माळ होती, ती तशीच राहिली. पहिला भोंगा उत्तरेकडच्या तराफ्याने वाजवला. मग दुसऱ्याने. मग सगळी खाडी भोंगे वाजवू लागली, नववर्षाला वाजवतात तशी. एक म्हातारा, ज्याने गेल्या दहा वर्षांत सुइग्वानला रामराम केला नव्हता, मुद्दाम तराफा जवळ आणून विचारून गेला की तू सकाळी नाश्त्याला काय खातोस.

सुइग्वान घरी आला तो उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचा. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाला. बोंगछीने भात वाढला. तो जेवला. जेवून झाल्यावर सिगारेट आणायला म्हणून बाहेर पडला. एरवी तो दुकानातून लगेच परत यायचा. त्या दिवशी धक्क्यापर्यंत गेला, हळूहळू चालत, छाती पुढे काढून, आणि येताना लोकांनी दिलेल्या सिगारेटी दोन्ही कानांवर. पण इस्पितळाचं विचारल्यावर म्हणाला, बघू. तुझं तोंड वाजलं म्हणून माझं पोट फाडून घेऊ का?

संध्याकाळी आतेक खाटीक आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. डुकराचे ताजे गुर्दे. इथे ज्याचं जे दुखतं त्याला तेच खाऊ घालतात, त्यात नवल नव्हतं. नवल हे की त्याने आत येऊन दार लावलं. मग खिडकीही लावली. मग बोंगछीकडे बघून म्हणाला, वहिनी, तुम्ही थांबा, तुम्ही बोललात म्हणून मला आज यायची हिंमत झाली. आणि त्याने शर्ट वर केला.

डाव्या कुशीवर तीन खुणा होत्या. दोन डाळीच्या दाण्याएवढ्या, एक बोटाच्या पेराएवढी.

आतेकने सांगितलं ते तुटक तुटक, भिंतीकडे बघत. त्याचीही खड्याने गेली होती. त्याने दूर काओश्युंग शहरात जाऊन गुपचूप काढून घेतली आणि गावात सांगितलं की भावाकडे घर रंगवायला गेलो होतो. जुळी झाली ती त्यानंतर. गोळी एकही खाल्ली नव्हती. लाइदादाचा माणूस माल टाकायला गावात आला, त्याने फळीवर बसलेली पोरं पाहिली आणि गोष्ट रचली. आतेकला ती सोयीची पडली. गोळ्यांचा पुरुष म्हणवून घेणं परवडलं, पण किडनी काढलेला म्हणवून घेणं परवडत नव्हतं. चार वर्षं तो बनियन घालून आंघोळ करत होता.

"रोज टोपलीभर किडन्या कापतो मी," तो म्हणाला. "माझी एक कापली, तर जगाला तोंड दाखवायची चोरी. आणि माझी गोष्ट ऐकून तू गोळ्या गिळतोस. तुझं काही झालं असतं तर ते माझ्या माथी."

बोंगछी आधी त्याला शिव्या देणार होती, कारण शिव्या देण्यासारखंच होतं ते. पण समोर एक मोठा धिप्पाड खाटीक पोट उघडं टाकून शाळेतल्या पोरासारखा उभा होता. तिने त्याच्यासाठी चहा टाकला.

सुइग्वान खुर्ची पुढे ओढून बसला आणि एका बोटाने त्याने मोठी खूण दाबून पाहिली.

"दुखतं?"

"गुदगुल्या होतात."

"आणि... बाकी?"

"फळीवर जुळी बसलीत, ती काय कोंबडीने घातली?"

सुइग्वानने खुणा पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, "तुझी तीनच?"

"तीनच."

"मला चार पडतील म्हणाली ती डॉक्टरीणबाई," सुइग्वान म्हणाला, आणि बोंगछीला कळलं की आता टॅक्सीला फोन करायला हरकत नाही. तो मुहूर्ताचा दिवस बघू म्हणाला. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईने दिलेला दिवस हाच मुहूर्त, आणि पंचांग उचलून तांदळाच्या डब्याखाली दाबलं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बोंगछी, आत्यू आणि आतेक एका रांगेत बसले. डॉक्टर वेननी आधीच बजावलं होतं की चिकटलेली फार असेल तर भोकं सोडून मोठा काप घ्यावा लागेल, आणि ते आत गेल्यावरच कळेल. त्यामुळे दार उघडलं की बोंगछी उठून उभी राहायची. आत्यू तिच्या मांडीवर हात ठेवून बसली होती. तो हात खारट वासाचा, चिरा पडलेला. बोंगछीला वाटलं, हिने असलं बाकडं एकटीने किती वेळा तापवलं असेल, आणि आपण तेव्हा कालवं फोडत बसलो होतो.

सुइग्वानच्या नातेवाइकांना हाक आली. तिघंही उठले. छोट्या खिडकीशी डॉक्टर वेन उभ्या होत्या, डोक्याला टोपी, हातात स्टीलचा ट्रे. इथे जे काढलं ते घरच्यांना दाखवतात. ट्रेमध्ये सुरकुतलेली, करडी, चपटी पडलेली पिशवी होती, आणि तिच्या फटीतून खडा दिसत होता. फांद्या फुटलेला, कडेने धारदार. कवचांच्या ढिगात कधीकधी सापडतं तसलं मेलेलं कालव, आत चिखल भरलेलं. बोंगछीने आयुष्यात तसली हजारो उचलून मागे फेकली होती.

"भोकांतूनच निघाली," डॉक्टर वेन म्हणाल्या. "बाहेर काढायला एक जरा मोठं केलं, तेवढंच. आतड्याशी मात्र तासभर भांडले. आणखी एक ताप आला असता तर मी जिंकले नसते."

बोंगछीने ट्रेकडे पुन्हा पाहिलं. एवढ्यासाठी, ती म्हणाली. एवढ्याशा घाणीसाठी माणूस जीव द्यायला निघाला होता.

"उरलेली छान आहे," डॉक्टर वेन म्हणाल्या. त्या वळल्या, पुन्हा थांबल्या, आणि टोपीखालून त्यांचे डोळे हसताना दिसले. "माझी आई ऐकते तो कार्यक्रम. तुमचा फोन तिने मला जसाच्या तसा म्हणून दाखवला. तुम्हाला पुढेही तक्रार राहणार नाही."

बोंगछीने आत्यूला मिठी मारली, आणि वळून पाहिलं तर खाटीकच हुंदके देत होता.

त्यानंतरचे दोन दिवस इस्पितळात जो गोंधळ झाला तो त्या वॉर्डने पूर्वी पाहिला नसेल. बैशुईच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईने तिळाच्या तेलात, आल्यात परतलेले गुर्दे आणले. काहींनी तांदळाची दारू हात सैल सोडून घातली होती. डबे कपाटावर, डबे खाटेखाली, डबे शेजारच्या रोग्याच्या खुर्चीवर. वास लिफ्टपर्यंत. आतेकच्या दुकानात त्या दिवशी शोधूनही गुर्दा मिळाला नसता. नर्सने कपाळाला हात लावला. दारू तर मुळीच नाही, म्हणाली, आणि पोटातून वारा सरेपर्यंत पेशंटने पाण्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. तेव्हा बैशुईच्या बायका डबे मांडीवर घेऊन बसल्या आणि सुइग्वानच्या पोटातला वारा सरायची वाट बघू लागल्या. माणसाच्या तोंडाकडे बघत वाट बघणं वेगळं आणि हे वेगळं. तो पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. पांघरुणातून तक्रार करायचा की किडनी काढली पोटातली आणि दुखतोय खांदा, नक्की काहीतरी चुकीचं काढलंय. नर्सने सांगितलं, पोट फुगवायला भरलेली हवा खांद्याला कळ लावते, दोन दिवसांत जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंगछी त्याला धरून व्हरांड्यातून चालवत होती, आणि तिसऱ्या खिडकीपाशी तो थबकला. जो आवाज झाला तो भोंग्याशी स्पर्धा करणारा होता. आतून बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने अभिनंदन केलं. सुइग्वान लाजला, पण त्याने मान वर ठेवली, धक्क्यावर ठेवली होती तशीच. पेजेची वाटी आली. गुर्दे इतर रोग्यांच्या नातेवाइकांनी खाल्ले, आणि चांगले झालेत म्हणाले.

लाइदादाचं काही बिघडलं नाही. असल्यांचं बिघडत नसतं. थोडे दिवस त्याने किडनीचं नाव घेतलं नाही, मग सांध्यांच्या तेलावर आला, नवा आवाज, नवी माया. फक्त बैशुईच्या गल्लीत खिळ्यावरचा रेडिओ दुसऱ्या स्टेशनवर लागला. आता तिथे हवामान लागतं. वारा कुठून, भरती कधी. कुणी कुणाला आई म्हणत नाही आणि कुणाचं अडत नाही.

उन्हाळा आला तेव्हा सुइग्वान तराफ्यावर होता. माळा उपसत होता, जरा हळू, पण उपसत होता. संध्याकाळी पुरुष धक्क्यावरच्या नळाखाली चिखल धुवायला उघडे बसतात. त्या दिवशी आतेकही दुकान बंद करून आला, आणि त्याने शर्ट काढला, मग बनियन काढलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या कुशीवर. एकाने विचारलं, हे केव्हा झालं. आतेक पुन्हा बनियन शोधू लागला. तेव्हा सुइग्वान बादली घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला, त्यानेही शर्ट काढला, आणि मोठ्याने म्हणाला, त्याची तीन आहेत, माझी चार, मोजून घ्या. म्हाताऱ्या तराफेवाल्याने वाकून खरोखर मोजली. मग म्हणाला, चौथं डासाचं असेल. त्यावर वाद झाला. वाद इतका रंगला की ज्याची कंबर वर्षभर दुखत होती आणि ज्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, असा एक पोक्त माणूस हळूच सुइग्वानजवळ सरकला आणि त्या डॉक्टरीणबाईचं नाव विचारून गेला.

गल्लीतून हे सगळं ऐकू येत होतं. बोंगछी स्टुलावर होती, मांडीवर टोपली, हातात सुरी. नळाकडून नवऱ्याचं हसू आलं, पोटातून आलेलं, भोकं पडलेल्या पोटातून. आत्यूची उशी त्या दिवशी उन्हात नव्हती. आत्यूने ती पायाखाली घेतली होती, पाय दुखतात म्हणून.

"काय गं," आत्यूने सुरी न थांबवता विचारलं, "आता एकाच किडनीवर कसं चाललंय? तक्रार?"

गल्लीतल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या.

"रेडिओला फोन लाव," बोंगछी म्हणाली, "तिथेच सांगते."